मुलांना घेऊन नैऋत्य चीन, टूर कंपनीशिवाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि आमची सात वर्षांची लेक असे तिघं सोळा दिवस युन्नान आणि सिचुआनमध्ये फिरून आलो. त्याला बरेच दिवस झाले, पण फोन आणि मेसेज अजून येतात. लेकीच्या वर्गातल्या पालकांचे, नात्यातल्यांचे, त्यांच्याही ओळखीच्यांचे. तेच ते प्रश्न आता एका जागी उत्तरांसकट मांडते आहे. माझं ठाम मत आधीच सांगते: या भागात मूल घेऊन जाणं अवघड नाही, घाई करणं अवघड आहे.

१. नैऋत्य चीन म्हणजे नेमका कुठला भाग? आणि बीजिंग-शांघाय सोडून तिथे का जायचं?

युन्नान, सिचुआन, ग्वेझो हे प्रांत आणि चोंगचिंग हे महानगर. तिबेटही भूगोलाने याच भागात येतो, पण त्याचे नियम वेगळे आहेत (प्रश्न १५ पाहा). युन्नानची हद्द म्यानमार, लाओस आणि व्हिएतनामला लागून आहे. तिथे बाई, नाशी, दाई, यी असे कितीतरी समाज आपापली भाषा, पोशाख आणि घरांची धाटणी टिकवून आहेत.

मुलांच्या दृष्टीने पाहिलं तर इथे संग्रहालयांच्या रांगा कमी आणि तळी, डोंगर, माकडं, पांडा, ओढे, बाजार जास्त. नोव्हेंबरपासून सायबेरियातून हजारो पाणपक्षी युन्नानची राजधानी कुनमिंगला येतात. १९८५ पासून ते दर हिवाळ्यात येत आहेत. शहराच्या मधोमध असलेल्या हिरव्या तळ्यावर पोरं हातात पावाचा तुकडा धरून उभी राहतात आणि पक्षी उडता उडता तो उचलून नेतात. लेकीने पहिला पूर्ण दिवस तिथेच काढला. बाकी यादी आम्ही बाजूला ठेवली आणि बरंच झालं.

२. भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा मिळतो का? मुलाचा वेगळा लागतो का?

मिळतो. २०२० पासून बंद असलेले पर्यटक व्हिसा भारतीयांसाठी २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाले. मूल कितीही लहान असलं तरी त्याचा पासपोर्ट वेगळा आणि व्हिसाही वेगळा. मुलाच्या अर्जासोबत जन्मदाखला आणि आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती तयार ठेवा. जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रत आधीच काढून घ्या, कारण नगरपालिकेच्या खेपेत आठवडा सहज जातो. दाखल्यावरच्या नावाचं आणि पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच पाहा. आमच्या ओळखीतल्या दोन घरांचं काम नेमकं इथेच अडलं होतं.

आईवडिलांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्या. विमानतळावर कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर ते ऐनवेळी कुठून आणणार?

३. आम्ही अमेरिकेत स्थायिक आहोत. मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट आहे, आमच्याकडे भारतीय. मग?

नियम प्रत्येकाच्या पासपोर्टनुसार लागतो, कुटुंबानुसार नाही. चीनमार्गे तिसऱ्या देशात जाणाऱ्यांना २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं. ही सवलत अमेरिकी आणि कॅनडाच्या पासपोर्टला आहे, भारतीय पासपोर्टला नाही. म्हणजे मूल सुटेल आणि तुम्ही अडकाल. अशा मिश्र घरांनी सरळ सगळ्यांचेच व्हिसा काढावेत, असं मला वाटतं.

४. मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

दिवाळीत. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो आणि तेव्हा सगळा देश घराबाहेर पडतो. आपली दिवाळी बहुतेक वेळा त्यानंतर येते. गर्दी ओसरलेली, युन्नानमधला पाऊस संपत आलेला, आकाश निळं. युन्नानमधल्या लिजियांगला रात्री कडक थंडी पडते, पण दुपारी स्वेटर काढावा लागतो.

मे महिना वाईट नाही, मात्र १ ते ५ मे या तारखा टाळा, कारण तिथेही कामगार दिनाची सुट्टी असते. मेच्या अखेरीस युन्नानमध्ये पावसाची चाहूल लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि चिनी शाळांची सुट्टी दोन्ही एकदम, तेव्हा नकोच. चिनी नववर्षाच्या आठवड्यात रेल्वेचं तिकीट मिळणं कठीण. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर युन्नानच्या दक्षिणेला शिश्वांगबान्ना बघा. तिथे तेव्हाही ऊब असते, केळीच्या बागा असतात, घरं कोकणाची आठवण करून देतात.

५. किती दिवस हवेत आणि मार्ग कसा आखावा?

दहा दिवस असतील तर एकच प्रांत. पंधरा-सोळा असतील तर दोन. आमचा क्रम असा होता: युन्नानमध्ये कुनमिंग दोन दिवस, दाली चार, शाशी दोन, लिजियांग तीन आणि तिथून विमानाने सिचुआनची राजधानी चेंगदूला जाऊन पाच दिवस. कुनमिंग सुमारे १,९०० मीटरवर, दाली २,००० च्या आसपास, लिजियांग २,४०० वर. मूल पायरीपायरीने वर चढतं, शरीराला उसंत मिळते, आणि शेवटी चेंगदूला ५०० मीटरवर उतरून ते अगदी ताजंतवानं होतं. हाच क्रम उलटा केलात तर लिजियांगचे पहिले दोन दिवस हॉटेलच्या खोलीत जातील.

भारतातून कुनमिंग किंवा चेंगदूला बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर किंवा ग्वांगझो अशा ठिकाणी विमान बदलून जाता येतं. मुलासोबत असताना मधला थांबा चार तासांपेक्षा कमी ठेवू नका.

६. उंचीचा त्रास लहान मुलांना किती होतो? शांग्रिला करावं का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्रास मुलांनाही मोठ्यांइतकाच होऊ शकतो. फरक एवढाच की मूल “डोकं दुखतंय” असं नेमकं सांगत नाही. ते चिडचिड करतं, जेवत नाही, खेळत नाही, झोपेत उठून रडतं. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर ही लक्षणं दिसली तर “दमली असेल” म्हणू नका. उंचीचाच त्रास आहे असं धरा आणि आणखी वर जाऊ नका. कमी होत नसेल तर खाली या. उलट्या थांबत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र काढायची नाही, लगेच उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. दुकानोदुकानी ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात. त्यांनी थोडा वेळ बरं वाटतं, पण तो खाली उतरण्याला पर्याय नाही.

साधा नियम असा: तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. औषध आधीपासून द्यायचं का, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. इंटरनेटवरून किंवा माझ्याकडून ठरवू नका.

शांग्रिला हे युन्नानमधलं तिबेटी गाव सुमारे ३,२०० मीटरवर आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात लिजियांगहून रेल्वे सुरू झाली आणि दीड तासाच्या आत पोहोचता येऊ लागलं. सोय झाली, पण तेवढ्याच वेळात आठशे मीटरची चढण होते. आम्ही सकाळी गेलो आणि संध्याकाळी परत, असा बेत केला होता. पोहोचल्यावर दोन तासांत लेक गप्प झाली. रस्त्याकडेला तळलेले बटाटे विकायला होते. इतर वेळी तिने ते हातातून ओढून घेतले असते. इथे पुडी तशीच धरून ती माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून उभी राहिली. आम्ही मठ पाहिला नाही, दुपारची गाडी पकडली. लिजियांगला उतरून तासभर झाला आणि तिने बटाटे मागितले. पाच वर्षांखालचं मूल असेल तर शांग्रिला सोडाच, असं मी सांगते. मोठं असेल तर लिजियांगला तीन रात्री झाल्यावरच जा.

७. मग जेड ड्रॅगन हिमपर्वतावरची केबल कार?

लिजियांगजवळचा हा पर्वत ५,५९६ मीटर उंच आहे आणि मोठी केबल कार थेट ४,५०६ मीटरवर सोडते. प्रश्न ६ वाचला असेल तर उत्तर कळलंच असेल. मुलांसाठी युनशानपिंगची छोटी केबल कार घ्या. ती साधारण ३,२०० मीटरवरच्या सूचिपर्णी झाडांनी वेढलेल्या कुरणात नेते. बर्फ समोर दिसतो आणि लाकडी पायवाटेवर पोरं चालू शकतात. तिथे तास-दीड तास पुरे.

८. रेल्वेत मुलांचं तिकीट कसं? कधी काढायचं?

२०२३ पासून उंची नाही, वय पाहतात. सहा वर्षांखालचं मूल फुकट, पण प्रत्येक मोठ्या माणसामागे एकच, आणि त्याला वेगळी जागा नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सवलतीचं तिकीट लागतं आणि स्वतःची जागा मिळते. फुकट जाणाऱ्या मुलाचं नावही तिकीट काढताना नोंदवावं लागतं. विक्री पंधरा दिवस आधी उघडते. तिकीट पासपोर्टलाच जोडलेलं असतं, म्हणून प्रवासभर पासपोर्ट हाताशी ठेवा आणि फाटकावर कर्मचारी उभा असतो त्या रांगेत जा.

वेळेचा अंदाज: कुनमिंग ते दाली दोन तासांच्या आसपास, चेंगदू ते लशान एक तास, चेंगदू ते चोंगचिंग दीड तास. स्थानकं विमानतळाएवढी मोठी असतात आणि सामानाची तपासणी होते, तेव्हा पाऊण तास आधी पोहोचा. शाशीला रेल्वे नाही. दालीहून गाडी ठरवावी लागते.

बागा, किल्ले, मंदिरं यांच्या तिकिटांत मात्र अजून कुठे वय तर कुठे उंची पाहतात. मुलाचा पासपोर्ट दाखवायचा, बाकी ते पाहतात.

९. रोख पैसे न्यावेत की मोबाइलवरून देता येतात?

भाजीवालीपासून मंदिरापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड. आपल्याला त्याची सवय आहेच. अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप्स घरूनच टाका, त्यात पासपोर्टची नोंद करा आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. २०० युआनपर्यंतच्या रकमेला अलीपे जादा पैसे घेत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतात. नवराबायको दोघांच्या फोनवर वेगवेगळी कार्डं जोडा. बँकेने एक अडवलं तरी दुसरं चालतं. शिवाय पाचशे-हजार युआन रोख ठेवा. रोख नाकारता येत नाही असा तिथला नियम आहे, पण सुट्टे मिळायची अडचण होते. टीप देण्याची पद्धत नाही.

१०. व्हॉट्सॲप, गूगल चालत नाही म्हणतात. मग आजीआजोबांशी बोलायचं कसं?

तिथल्या वायफायवर चालत नाही. भारतातल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंत किंवा निघण्याआधी परदेशी ई-सिम घेतलंत तर चालतं, कारण ते नेटवर्क चीनबाहेरून फिरून येतं. आम्ही एका फोनवर रोमिंग घेतलं आणि रोज रात्री आजीला व्हिडिओ कॉल केला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, तेव्हा तिथे आपलं जेवण उरकेपर्यंत इथे आजीचा चहा होतो.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नका, तिथे रस्ते सरकलेले दिसतात. अमॅप वापरा, त्याची इंग्रजी आवृत्ती आहे. भाषांतराचं ॲप ऑफलाइन उतरवून ठेवा. इंग्रजी बोलणारं माणूस क्वचित भेटतं, पण मुलाकडे पाहून लोक स्वतःहून फोन पुढे करतात.

११. आम्ही शाकाहारी आहोत, मूल तिखट खात नाही. उपाशी राहील का?

नाही, पण आधी दोन गोष्टी समजून घ्या. “मांस नको” म्हटल्यावर कित्येक स्वयंपाक्यांना वाटतं की मोठे तुकडे नकोत. खिमा, रस्सा, डुकराची चरबी त्यांच्या हिशेबात मांसात येत नाही. म्हणून “वो छ सू” म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे. बौद्ध परंपरेमुळे या शब्दाला वजन आहे. त्याखाली “मांस, मासे, रस्सा, चरबी नको” हे चिनीत लिहिलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा. युन्नानचे प्रसिद्ध ‘पूल ओलांडणारे’ नूडल्स कोंबडी आणि हाडांच्या रश्श्यातच असतात, तेव्हा ते सोडावे लागतात.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी: चिनी बौद्ध मठांच्या जेवणात कांदा, लसूण, पात वर्ज्य असते. मठाबाहेरची शाकाहारी भोजनालयं शोधा. चेंगदूच्या वेनशू मठातलं जेवण आमच्याकडच्या अगदी कडक आजीलाही चाललं असतं.

मुलासाठी खात्रीचे पदार्थ: टोमॅटो-अंडं (अंडं चालत असेल तर), वाफवलेला भात, बटाट्याचे तळलेले काप, कणसं, वाफवलेले पाव. दालीकडे शेळीच्या दुधाचं रूबिंग मिळतं. ते तव्यावर परतलं की पनीरच. लेकीने ते सलग चार दिवस खाल्लं. भाताबरोबर सोबत नेलेलं मेतकूट कामी आलं. दही मिळतं, पण बहुतेक गोड.

सिचुआनमध्ये “बू याओ ला” म्हणजे तिखट नको, हे सांगावंच लागतं. तिथल्या जेवणात मिरची आणि ह्वाज्याओ अशा दोन गोष्टी असतात. ह्वाज्याओ तोंडात आला की जीभ बधिर होते. लेक म्हणाली, “आई, माझी जीभ झोपली.” पण मला तो वास घरचा वाटला. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात घालतो त्या तिरफळाचा हा सख्खा भाऊ, एकाच कुळातलं झाड. जेवणात दाणे दिसले की बाजूला काढा, चावू देऊ नका.

सोबत काय नेऊ नये: फळं, भाज्या, बिया, मांसाचे आणि दुधाचे पदार्थ. विमानतळावर काढून घेतात. पेढ्यांचा डबा घरीच ठेवा.

१२. हॉटेलवाले परदेशी लोकांना ठेवून घेत नाहीत, हे खरं का?

प्रत्येक परदेशी पाहुण्याची, मुलाचीसुद्धा, पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल ती करतं. परदेशी म्हणून नाकारू नये असं सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केलं, तरी छोट्या घरगुती निवासांना ती नोंद कशी करायची हेच माहीत नसतं. एका गावात रात्री नऊला आम्हाला दारातून परत पाठवलं, आरक्षण पक्कं असताना. मूल खांद्यावर झोपलेलं, बाहेर थंडी. तेव्हापासून दोन दिवस आधी निवासाला संदेश पाठवून विचारते: भारतीय पासपोर्टची नोंद कराल ना? ‘हो’ आलं तरच जाते. मित्राच्या घरी उतरणार असाल तर चोवीस तासांत पोलीस चौकीत स्वतः नोंद करा.

१३. मुलांना खरोखर काय आवडतं? पांडा पाहायला कधी जावं?

पांडा संशोधन केंद्र चेंगदूत आहे, १९८७ पासून. दार उघडतं तेव्हाच तिथे हजर राहा. पांडा सकाळी खातात, खेळतात, आणि दहानंतर झाडाच्या फांदीवर लोळून जे झोपतात ते उठत नाहीत. उन्हाळ्यात तापमान चढलं की त्यांना आत ठेवतात. तिकीट पासपोर्टच्या नावावर आधीच काढा.

लशानची बुद्धमूर्ती ७१ मीटर उंच आहे. ७१३ मध्ये काम सुरू झालं आणि ८०३ मध्ये संपलं. कड्यावरून पायऱ्यांनी उतरण्याची रांग मुलासोबत तासन्‌तास सरकत नाही, त्यापेक्षा नदीतल्या बोटीतून पाहा. दुजियांगयानची सिंचनव्यवस्था ली बिंग या राज्यपालाने इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास उभारली. नदीवर बंधारा न घालता ती त्याने नुसती दोन वाटांत विभागली आणि ते पाणी आजही चेंगदूच्या शेतांना मिळतं. पाणी दुभंगतं त्या टोकावर मुलाला उभं करा, भूगोलाचा धडा वेगळा शिकवायला नको.

पण लेकीच्या आठवणीत राहिल्या त्या दोन साध्या जागा. एक, दालीजवळचं झोउचेंग गाव, जिथे बाई समाजाच्या बायका निळीची बांधणी करतात. तिला पांढरा रुमाल आणि सुई-दोरा दिला. चुण्या घालून दोरा इतका घट्ट आवळायचा की बोटाला वळ उठतो. मग कापड निळीच्या पिंपात. बाहेर काढलं तेव्हा ते हिरवट होतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होत गेलं. तिने दोरा उसवला तेव्हा आत फूल निघालं. आजीबाईंनी तिच्या निळ्या पडलेल्या बोटांवर स्वतःची निळी बोटं टेकवली. बोलायची गरज पडली नाही.

दुसरी, लिजियांगमधल्या तीन कुंडांच्या विहिरी. पहिल्या कुंडातलं पाणी प्यायचं, तिथून वाहून आलेल्या दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. एकाही घराने हा क्रम मोडायचा नाही. तिने ते वहीत चित्र काढून ठेवलं, खाली नाशी समाजाच्या तोंबा चित्रलिपीतल्या दोन खुणा काढून.

१४. बाबागाडी न्यावी का? स्वच्छतागृहं कशी आहेत?

चेंगदू, कुनमिंगमध्ये बाबागाडी चालते. लिजियांग आणि शाशीत गुळगुळीत झालेले दगड आहेत, चाकं अडकतात. दोन वर्षांखालच्या मुलासाठी पाठीवरची झोळी बरी. लिजियांगच्या गल्ल्यांत कडेने ओढे वाहतात आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा हात सोडू नका.

स्वच्छतागृहं बहुतेक भारतीय पद्धतीची. कागद आणि साबण स्वतःचा. उकळतं पाणी मात्र रेल्वेत, स्थानकात, हॉटेलात सगळीकडे फुकट मिळतं. थर्मास न्या. टॅक्सीत मुलांची खास सीट मिळणार नाही असंच धरा. पॉवर बँकेवर ‘३सी’ ही चिनी खूण नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत. २८ जून २०२५ पासूनचा हा नियम आहे.

१५. तिबेटी भाग पाहायचा असेल तर वेगळी परवानगी लागते का?

तिबेट स्वायत्त प्रदेशात जायला परदेशी व्यक्तीला परवाना लागतो आणि तो मान्य सहल कंपनीमार्फतच मिळतो. तिथे स्वतंत्र प्रवास नाही. शांग्रिला आणि पश्चिम सिचुआनमधल्या तिबेटी गावांना एरवी तो लागत नाही. पण लितांगसारखं गाव ४,००० मीटरवर आहे, म्हणून पुन्हा प्रश्न ६.

सिचुआनमधल्या चिउझाइगोउ दरीबद्दलही विचारतात. विमानतळ ३,४४८ मीटरवर आहे, मुलाला घेऊन तिथे थेट उतरू नका. २०२४ पासून चेंगदूहून वेगवान रेल्वे आणि पुढे बस असं जाता येतं. दरीचं प्रवेशद्वार २,००० मीटरच्या आसपास आहे, तिथे मुक्काम करा.

१६. मूल आजारी पडलं तर? आणि अमेशानची माकडं चावतात म्हणे?

रुग्णवाहिकेसाठी १२०, पोलिसांसाठी ११०. मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, पासपोर्ट न्या. पैसे आधी भरावे लागतात आणि पावत्या विम्यासाठी जपाव्या लागतात. तापाचं, उलटीचं, सर्दीचं नेहमीचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरूनच घ्या, कारण तिथल्या दुकानात बाटलीवरचं काहीच वाचता येत नाही. मुलाची ॲलर्जी असेल तर ती चिनीत लिहून त्याच्या खिशात ठेवा.

सिचुआनमधल्या अमेशान डोंगरावरची माकडं चावतात, हे खरं आहे. खाऊ दिसला की अंगावर येतात. पिशवी बंद, हात रिकामे, मूल मोठ्यांच्या मधे. ओरखडा जरी आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. पुण्याला परतून बघू, असं करू नका.

१७. लोक मुलांचे फोटो काढतात, गाल ओढतात. काय करायचं?

काढतात, विशेषतः छोट्या गावांत. हेतू प्रेमाचाच असतो. तरी मुलाला आधी विचारा. लेकीशी आमचं ठरलं होतं: तिने माझा हात दोनदा दाबला की मी हसून “बू याओ” म्हणायचं आणि पुढे चालायचं. कुणीही वाईट वाटून घेतलं नाही. एका आजोबांनी तर फोन खिशात ठेवला आणि तिला एक संत्रं दिलं.